पडद्यामागचा भोंगा : जुन्या हॉर्न स्पीकरचा शौक आणि आपले कसब

एखादे जुने चित्रपटगृह बंद पडते तेव्हा त्यातील माल कसा विकला जातो, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. खुर्च्या एकाकडे जातात, पंखे आणि वायरिंगचे तांबे दुसऱ्याकडे, छपराचे पत्रे आणि लोखंड तिसऱ्याकडे. प्रोजेक्टरला अलीकडे हॉटेलवाले आणि बंगलेवाले सजावटीसाठी विचारू लागले आहेत. पण पडद्याच्या मागे, धुळीत आणि कबुतरांच्या घाणीत उभी असलेली करड्या रंगाची मोठी लाकडी पेटी आणि तिच्या डोक्यावरचा भोंगा यांच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते, आणि तेही किलोच्या भावाने. पेटीचे प्लायवूड वेगळे होते, भोंग्याचा धातू वेगळा, युनिटचे चुंबक वेगळे. जी वस्तू एकत्र असताना तिच्यासाठी जपान-कोरियातील शौकीन मोठी रक्कम मोजायला तयार असतो, ती तीन गोण्यांत भरून भंगारात निघून जाते.

जुने हॉर्न स्पीकर शोधून विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि थोडा फेरफार करून घरात वाजवायचे, असा एक शौक जगभर आहे. आपल्याकडे तो थोड्याच लोकांना आहे, पण त्यासाठी लागणारी कामे आपल्या बांधवांच्या हातची आहेत. वायंडिंग, लेथचे काम, पत्र्याचे झाळकाम, सुतारकाम, पॉलिश ही सर्व कामे एकाच मोहल्ल्यात होणारी ठिकाणे मुंबई, मालेगाव, औरंगाबाद, मिरज अशी कितीतरी दाखवता येतील. म्हणूनच या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

मात्र आधी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. चोरबाजारातील मटण स्ट्रीट असो वा दुसऱ्या एखाद्या शहरातील जुना बाजार, चकचकीत पितळी भोंग्याचे ग्रामोफोन सर्वांनी पाहिले आहेत. भोंगा नवा, पेटी नवी, आतील मोटार आणि साऊंडबॉक्स कुठल्यातरी जुन्या पेटीबाजाचे, आणि वर कुत्र्याच्या चित्राचा बिल्ला. शोभेची वस्तू म्हणून विकले तर त्यात वावगे काही नाही. पण असे हजारो नग 'अस्सल जुने' म्हणून परदेशी गेले आणि तेथील संग्राहकांनी त्यांना 'क्रॅपोफोन' असे कुचेष्टेचे नाव ठेवले. त्याचा अर्थ कचऱ्याचा बाजा. परिणाम असा की आज भारतातून गेलेल्या खऱ्या जुन्या यंत्राकडेही गिऱ्हाईक संशयाने पाहते. हॉर्न स्पीकरच्या बाबतीत ती वेळ अजून आलेली नाही. ती येऊ द्यायची की नाही, हे बऱ्याच अंशी विकणाऱ्याच्या आणि दुरुस्त करणाऱ्याच्या हाती आहे.

भोंगा करतो तरी काय?

शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला हाक मारताना आपण दोन्ही तळहात तोंडाभोवती धरतो. भोंग्याचे तत्त्व तेच. स्पीकरचा पडदा हलतो, पण हवा इतकी हलकी असते की पडद्याला तिच्यात जोर लावायला पकड मिळत नाही. साध्या स्पीकरला दिलेल्या विजेपैकी शेकडा एखादाच भाग आवाजात उतरतो, बाकीची वीज उष्णता होऊन वाया जाते. पडद्यासमोर अरुंद गळा ठेवला आणि तो हळूहळू रुंद करत नेला, तर गळ्यातील हवा पडद्याला पकड देते आणि रुंद तोंडातून आवाज पूर्ण जोमाने बाहेर पडतो. त्याच विजेत मग कितीतरी पट आवाज मिळतो. जलशात, लग्नाच्या मांडवात, मशिदीच्या मिनारावर किंवा एस.टी. स्टँडवर जो भोंगा आपण रोज ऐकतो, तो याच घराण्यातला. अहुजाचे युनिट खोलून डायफ्राम बदलणारा कारागीर तालुक्याच्या गावीही सापडतो. त्याला या शौकातील निम्मी विद्या आधीच येते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

फरक आहे तो आकारात आणि बारकाईत. आवाजाची लाट जितकी खालच्या सुराची तितकी लांब. सेकंदाला १०० कंपनांच्या सुराची लाट सुमारे ३.४ मीटर भरते. तो सूर भोंग्यातून नीट बाहेर काढायचा तर तोंडाचा घेर साधारण तेवढाच हवा, म्हणजे व्यास एक मीटरहून अधिक. ५० कंपनांच्या सुरासाठी तो दोन मीटरच्या पुढे जातो. मांडवातील भोंगा खर्ज का देत नाही आणि चित्रपटगृहातील भोंगे खोलीएवढे का असत, याचे उत्तर या हिशेबात आहे.

५५५ पासून 'व्हॉइस ऑफ द थिएटर'पर्यंत

१९२६ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील वेंटे आणि थुरास या दोघांनी एक युनिट तयार केले. वेस्टर्न इलेक्ट्रिकने ते '५५५' या क्रमांकाने बाजारात आणले. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पडदा, त्यावर चपट्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची उभी गुंडाळलेली कॉइल, आणि पडद्यासमोर एक खाचदार गोळा. पडद्याच्या कडेचा आणि मध्याचा आवाज गळ्यात एकाच वेळी पोहोचावा, यासाठी तो गोळा. आजही कोणतेही चांगले युनिट उघडून पाहा, हीच रचना दिसेल. त्याच वर्षी ६ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये 'डॉन जुआन' हा चित्रपट तबकडीवरील संगीतासह दाखवला गेला आणि बोलपटाचा धंदा सुरू झाला. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. त्यानंतर वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि आर.सी.ए. यांसारख्या परदेशी कंपन्यांची ध्वनियंत्रे आपल्या पडद्यांमागेही येत गेली.

त्या काळी अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॉटचे असत. आजच्या रिक्षातील टेपही कागदावर त्याहून जास्त वॉट सांगेल. तेवढ्या विजेत हजार-दीड हजार प्रेक्षकांना ऐकवायचे, तर भोंग्यावाचून दुसरा मार्गच नव्हता.

यानंतरचा एक किस्सा तांत्रिक असला तरी मोठा मजेदार आहे, आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी तो उपयोगी पडतो. १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या एम.जी.एम. स्टुडिओत एलेनॉर पॉवेल या नर्तकीच्या टॅप नृत्याचे ध्वनिमुद्रण ऐकताना पायाचा एकच ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. कारण शोधले तेव्हा कळले की खालच्या सुरांचा भोंगा आणि वरच्या सुरांचा भोंगा यांच्या लांबीत काही फुटांचा फरक आहे, त्यामुळे एक आवाज आधी आणि दुसरा मागाहून येतो. डग्लस शिअरर, जॉन हिलियर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग दोन्ही आवाज बरोबर पोहोचतील अशी नवी रचना बसवली. 'शिअरर हॉर्न' या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि १९३६ च्या कामासाठी तिला अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. तिची युनिटे बनवणाऱ्यांत जेम्स लॅन्सिंग हे कारखानदार होते.

व्यापाराच्या दृष्टीने पुढची कथा अधिक बोधक आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिकने चित्रपटगृहांच्या देखभालीचा धंदा सोडला, तेव्हा तेथील माणसांनी तो स्वतः चालवायला घेतला. 'ऑल टेक्निकल' या दोन शब्दांपासून त्यांनी 'अल्टेक' हे नाव बनवले. म्हणजे ज्या कंपनीचे नाव आज शौकीन आदराने घेतात, ती मुळात दुरुस्तीवाल्यांची कंपनी! १९४१ मध्ये तिने लॅन्सिंग यांचा कारखाना विकत घेतला. लॅन्सिंग १९४६ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी जी कंपनी काढली तीच आजची जे.बी.एल. स्वतः लॅन्सिंग मात्र १९४९ मध्येच वारले, भरभराट त्यांनी पाहिली नाही. अल्टेकची 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही मालिका १९४५ च्या सुमारास निघाली आणि पुढे अनेक दशके जगभरच्या पडद्यांमागे वाजत राहिली. तिच्यातील ए-५ आणि ए-७ हे दोन नमुने शौकिनांच्या सर्वांत जास्त मागणीचे. खाली १५ इंची कोनाची पेटी, तिच्या पुढच्या अंगाला लाकडाचाच आखूड भोंगा, आणि वर धातूचा भोंगा व त्यामागे युनिट.

याच काळात पॉल क्लिप्श या अभियंत्याने आर्कान्सा राज्यातील होप या छोट्या गावात घरगुती भोंगा बनवायला सुरुवात केली. त्याची युक्ती अशी की पेटीत भोंगा घड्या घालून बसवायचा आणि खोलीचा कोपराच भोंग्याचे तोंड म्हणून वापरायचा, दोन भिंती फुकटात मिळतात! 'क्लिप्शहॉर्न' १९४६ पासून आजतागायत बनतो आहे. आमच्या वाचकांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे क्लिप्शने मधल्या सुरांसाठी अनेक वर्षे वापरलेले के-५५-व्ही हे युनिट अ‍ॅटलस या जाहीर सभांचे भोंगे बनवणाऱ्या कंपनीचे होते. मांडवातल्या युनिटचाच तो सख्खा भाऊ.

मागणी कोठून आली?

अमेरिकेत मोठी चित्रपटगृहे फोडून लहान पडदे केले गेले, तेव्हा जुनी यंत्रे उघड्यावर पडली. ती उचलली जपानी शौकिनांनी. तेथे युद्धानंतर तबकड्या महाग होत्या. लोक कॉफीच्या एका पेल्यावर तासन्‌तास जॅझ ऐकत बसत आणि अशा कॉफीगृहांत अल्टेक किंवा जे.बी.एल.चे मोठे भोंगे असत. आपल्या इराणी हॉटेलांतील ज्यूकबॉक्सची आठवण ज्यांना असेल, त्यांना हे लगेच समजेल. पुढे कोरियातही ही आवड पसरली. २०२४ मध्ये सोल शहरात 'ऑडियम' नावाचे केवळ ध्वनियंत्रांचे संग्रहालय सुरू झाले. इमारत केंगो कुमा या नामांकित वास्तुशिल्पींची, आणि आतील मुख्य आकर्षणांत वेस्टर्न इलेक्ट्रिकचे भोंगे.

भावाचे आकडे आम्ही मुद्दाम देत नाही. एकाच नमुन्याचा भाव त्याच्या अवस्थेनुसार कितीतरी पटीने बदलतो. तरी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सुट्या नगापेक्षा एकाच काळातील जुळलेल्या जोडीला दुपटीहून अधिक किंमत येते. मूळ पडदा, मूळ रंग आणि मूळ बिल्ला असेल तर किंमत चढते. आणि अल्निकोच्या चुंबकाला फेराइटपेक्षा मान जास्त. यामागेही बाजाराचेच कारण आहे. अल्निकोत कोबाल्ट लागते. १९७८ मध्ये झाईरच्या शाबा प्रांतात लढाई झाली, कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरवाले बहुतेक सगळे फेराइटकडे वळले. फेराइटचे चुंबक चपट्या काळ्या कड्यासारखे दिसते, अल्निकोचे बहुधा धातूच्या भांड्यात बंद असते.

घेताना काय पाहावे

खिशात साधा मल्टीमीटर असला तरी निम्मे काम होते. युनिटवर १६ ओहम लिहिले असेल तर मीटरवर त्याहून बरेच कमी, पण स्थिर वाचन आले पाहिजे. काटा हललाच नाही तर कॉइल तुटलेली. कोन असेल तर दोन्ही हातांच्या बोटांनी चहूबाजूंनी सारखा दाब देऊन हलकेच आत ढकलावा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे. दीड व्होल्टचा सेल लावून कोन बाहेर येतो की आत जातो ते पाहावे, मात्र जुन्या जे.बी.एल.मध्ये लाल टोकाला अधिक लावले की कोन आत जातो. तो दोष नव्हे, त्या कंपनीची तशी रीतच होती. अनेक जण हे न कळल्यामुळे चांगल्या मालाला नावे ठेवतात.

सेलचा हा प्रयोग वरच्या सुरांच्या युनिटवर करू नये. त्याचा पडदा नाजूक असतो. ते युनिट भोंग्याला जोडल्याशिवाय आणि मध्ये कंडेन्सर घातल्याशिवाय वाजवूच नये. समोर हवेची पकड नसली की पडदा गरजेपेक्षा जास्त उडतो आणि फाटतो. बाजारात 'चालू आहे, बघा' म्हणून सुट्या युनिटला थेट अ‍ॅम्प्लिफायरची तार लावून खर्जाचे गाणे ऐकवणारे आम्ही पाहिले आहेत. एक मिनिट आधी ते खरोखरच चालू असते.

दुरुस्ती : हात कुठे थांबवावा

या शौकातील दुरुस्तीचा पहिला नियम आपल्या नेहमीच्या सवयीच्या उलट आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक जुनी वस्तू नव्यासारखी करून मागते, म्हणून कारागीर घासतो, बफ मारतो, रंग देतो. येथे तो रंगच किंमत खातो. करड्या रंगाची खरचटलेली पेटी तशीच राहू द्यावी. कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने धूळ काढावी, वाळवी असेल तर औषध करावे आणि थांबावे. खालचा तळ कुजला असेल तर तेवढाच तुकडा त्याच जाडीच्या प्लायवूडचा घालावा. स्वस्त पडते म्हणून भुशाची फळी घालू नये.

पत्र्याचे अनेक कप्पे झाळून बनवलेले 'मल्टिसेल' भोंगे ही आपल्या झाळकाम करणाऱ्यांसाठी उत्तम संधी आहे. पत्रा खणखणू नये म्हणून त्यावर डांबरासारखा थर दिलेला असतो. ७०-८० वर्षांत थर सुकून तडकतो आणि कप्प्यांचे सांधे सुटतात. सुटलेला सांधा तेवढा साफ करून झाळावा, भांड्याला कल्हई करताना असते तशी सफाई येथे हवी. मात्र भट्टीची आच सर्वत्र लागू देऊ नये, नाहीतर एक सांधा जोडताना शेजारचे चार सुटतात. जुन्या झाळात शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवून आणि तोंडाला फडके बांधून काम करावे.

युनिटचे काम सर्वांत नाजूक. ज्या टेबलावर ग्राइंडर चालतो त्यावर ते कधीही उघडू नये. लोखंडाचा एक कण चुंबकाच्या फटीत गेला की तो फुंकून निघत नाही, चिकटपट्टीची घडी फटीत फिरवूनच काढावा लागतो. डायफ्राम बसवताना अगदी हलका सूर चालू ठेवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जावे, खरखर आली की मागे यावे. अल्टेक आणि जे.बी.एल.चे नवे डायफ्राम परदेशात आजही बनतात. नवा घातला तरी जुना फेकू नये, कागदात गुंडाळून, नाव लिहून मालाबरोबर द्यावा. आणि अल्निकोचे चुंबक त्याच्या लोखंडी घरातून काढू नये, हे आम्ही ठळक अक्षरांत लिहिले असते तरी कमीच. बाहेर काढताच ते आपली ताकद गमावून बसते आणि जोडल्यावर पुन्हा चुंबकित करावे लागते. सोय नसेल तर चांगले युनिट कायमचे मंद होते.

५५५ सारख्या सर्वांत जुन्या युनिटांत चुंबक नसतेच. तेथे तांब्याच्या तारेची मोठी कॉइल असते, तिला बाहेरून डी.सी. वीज द्यावी लागते. ५५५ ला ७ व्होल्ट आणि दीड अँपिअर, म्हणजे कॉइलचा रोध पावणेपाच ओहमच्या आसपास. मोटारीचे वायंडिंग करणाऱ्याला हे काम अवघड नाही, फक्त जुनी तार उलगडताना फेरे मोजावेत आणि तीच जाडी वापरावी. जुन्या रेडिओच्या स्पीकरांत मात्र अशी कॉइल शंभराहून अधिक व्होल्टवर चालते. त्याला हात लावण्यापूर्वी वीज बंद करून थोडा वेळ जाऊ द्यावा.

कोनाला चीर असेल तर पातळ कागद आणि पातळ गोंदाने सांधावी. 'नवा कोन घालून देतो' हे वाक्य आपल्या बाजारात फार लवकर उच्चारले जाते. नवा कोन वजनाला वेगळा असतो, मग तो स्पीकर त्या नावाचा राहत नाही.

क्रॉसओव्हरमधील कंडेन्सर वयाने बिघडतात. ते मोजावेत, बदलायचे तर त्याच मापाचे घालावेत. येथे भंगाराचे काम करणाऱ्या बांधवांना विशेष सूचना. १९७९ पूर्वीच्या काही तेलाच्या कंडेन्सरांत पी.सी.बी. नावाचे विषारी तेल असते. अमेरिकेने त्या वर्षी त्याचे उत्पादन बंद केले. असे डबे फोडू नयेत आणि जाळू तर मुळीच नयेत. चार चमचे तेल आणि मूठभर पत्रा यांसाठी फुप्फुसे आणि कातडी पणाला लावण्यात अर्थ नाही.

फेरफार

हौस आली की फेरफार आलाच. पण ज्या फेरफाराला करवत किंवा ड्रिल लागत नाही तो आधी करावा. पहिला फुकटचा आहे. ए-७ च्या पेटीवर सुटा ठेवलेला भोंगा पुढे-मागे सरकवून ऐकावे. वर सांगितलेला नर्तकीचा ठोका इथेच उपयोगी पडतो. टाळीचा किंवा तबल्याचा आवाज लावून भोंगा बोटबोटभर मागे घेत गेले, तर एका जागी आवाज नेटका एकवटतो. ५११ आणि ८११ हे अल्टेकचे ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे भोंगे बोटाने ठोकले की घंटेसारखे वाजतात. त्यांच्यावर बाहेरून काढता येईल असे मऊ लेपन बसवतात. डांबर फासले तर नाद थांबतो, पण किंमतही थांबते.

हे भोंगे एका वॉटमध्ये इतके मोठे वाजतात की अ‍ॅम्प्लिफायरची जराशी सूं सुद्धा समोर येते. म्हणून मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नये, शांत घ्यावा. वाल्व्हचा सात-आठ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायरही दिवाणखान्याला पुरून उरतो. चित्रपटगृहाच्या युनिटांना सेकंदाला १०,००० कंपनांच्या वर फारसा दम नसतो, तेथे काही जण एक लहान ट्वीटर जोडतात. अलीकडे संगणकी क्रॉसओव्हर आले आहेत, त्यांनी पेटीला हात न लावता वेळेचा आणि आवाजाचा मेळ घालता येतो. जुन्याचे कट्टर अभिमानी यावर नाक मुरडतात. आमच्या मते जी गोष्ट तार काढून परत पूर्ववत करता येते तिला हरकत नसावी.

जागेचा विचार मात्र आधी करावा. ए-७ ची नुसती पेटी साडेतीन फूट उंच, अडीच फूट रुंद आणि दोन फूट खोल, वर भोंगा वेगळा. अशा दोन पेट्या मुंबईच्या खोलीत आल्या तर घरातील कोणाला तरी बाहेर झोपावे लागेल. क्लिप्शहॉर्नला दोन मोकळे कोपरे हवेत, आणि आपल्या घरात कोपऱ्यात कपाट नाही असे कुठे असते?

ज्यांना सुतारकाम आणि लेथ येते त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे, ती म्हणजे नवे भोंगे बनवणे. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९२० च्या दशकातच भोंग्यासाठी 'ट्रॅक्ट्रिक्स' नावाचा वक्र वापरला. त्या वक्राचे लाकडी भोंगे आजही शौकीन फळ्यांवर फळ्या चिकटवून आणि लेथवर फिरवून बनवतात. जपान आणि चीनमध्ये काही कारखाने वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या जुन्या युनिटांच्या प्रती बनवून त्या स्वतःच्या नावाने उघडपणे विकतात आणि त्यांना चांगले गिऱ्हाईक आहे. सागवान आणि शिसव घडवणारे आपले मिस्त्री हे करू शकतात. अट एकच, भोंग्यावर त्यांचे स्वतःचे नाव आणि बनवल्याचे साल असावे.

विकताना आणि पाठवताना

दुरुस्त केलेल्या प्रत्येक नगाबरोबर एक चिठ्ठी असावी, असे आम्ही सुचवू. माल कोणत्या प्रकारच्या जागेतून आला, डायफ्राम मूळ आहे की बदललेला, कोन सांधला आहे काय, कोणते कंडेन्सर नवे घातले, रंग मूळ आहे काय. ऐब लपवला तर गिऱ्हाईक एकदा येते. शिवाय या शौकातील लोक एकमेकांना ओळखतात आणि युनिट उघडून पाहिल्याशिवाय राहत नाहीत. मूळ नगापेक्षा बदललेल्या नगाला भाव कमी मिळतो हे खरे, पण लिहून दिलेल्या बदलाला काही भाव तरी मिळतो.

परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर एक कायदा माहीत हवा. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुनी वस्तू पुरातन ठरू शकते आणि खाजगी व्यापाऱ्याला ती निर्यात करता येत नाही. १९२६ च्या सुमाराचा माल आता त्या रेषेवर आला आहे. साल शंकेचे असेल तर माल बांधण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करून लेखी घ्यावे, कस्टमच्या गोदामात अडकल्यावर नव्हे.

बांधणीविषयी शेवटचे. युनिट भोंग्याला जोडलेले ठेवून कधीही पाठवू नये. अल्टेकचे २८८ युनिट एकटेच दहा किलोहून जड असते. ट्रकच्या एका खड्ड्यात ते भोंग्याचा गळा तोडते. युनिट काढावे, त्याच्या तोंडाला स्वच्छ झाकण लावून चिकटपट्टीने बंद करावे, म्हणजे भुसा आणि लोखंडाची कीस आत जाणार नाही, आणि ते वेगळ्या लाकडी खोक्यात भक्कम अडकवून द्यावे. कोनाची पेटी उभीच न्यावी. गोदामात वर्षानुवर्षे कोन आकाशाकडे तोंड करून पडला तर स्वतःच्या वजनाने बसतो. काढलेले स्क्रू, बिल्ले आणि जुने कंडेन्सर एका पिशवीत घालून पेटीच्या आतल्या बाजूला बांधावेत आणि तसे चिठ्ठीवर लिहावे.